लांबूभाऊचा ठोका

आमच्या कारखान्यात मेलेल्या माणसाला जेवढा मान मिळतो, तेवढा जिवंत माणसाला मिळालेला मी कधी पाहिला नाही. लांबूभाऊ हयात होता तेव्हा सुपरवायझर त्याला 'ए शिडी' म्हणून हाक मारायचा. आता त्याच सुपरवायझरच्या खुर्चीमागं लांबूभाऊचा मोठा फोटो आहे, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'आमचा नायक' असं लिहिलंय. फोटोत त्याचं डोकं वरून जरासं कापलं गेलंय. तो कुठल्याच फोटोत पुरता मावायचा नाही.

कारखाना कापड रंगवायचा. मी घडी खात्यात आहे. रंगून वाळून आलेलं कापड मोठ्या हॉलमध्ये लांब टेबलांवर पसरायचं, डाग बघायचे, घड्या घालायच्या. हॉलच्या टोकाला एक लोखंडी दार आणि त्यापलीकडे बॉयलरची खोली. तिथं माझा नवरा आणि लांबूभाऊ जोडीनं कामाला असायचे. दाराला आमच्या बाजूनं एक चाक होतं, ते फिरवलं की दार घट्ट बसायचं. आतल्या बाजूनं काहीच नव्हतं. वाफ फुटली तर हॉलमधली माणसं वाचावीत म्हणून ती सोय होती, आणि आत कोण राहील हा विचार आम्ही कुणी केला नव्हता. माझं टेबल दाराजवळचं, थंडीत तिथं उबदार वाटायचं म्हणून मी भांडून मिळवलेलं.

बॉयलरच्या खोलीत आवाज इतका की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नसे. म्हणून बॉयलरवाले पाइपावर पाना आपटून बोलायचे. सावकाश दोन जड ठोके म्हणजे बंद कर. न थांबता भराभर ठोकत राहिलं म्हणजे उघड. बाकीही पुष्कळ होतं, चहा आला, साहेब आला, साहेब गेला एकदाचा. पण हे दोन तर कारखान्याच्या वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचे. न्हाणीघरात कुणी फार वेळ लावला की बाहेरून भराभर ठोके पडायचे. लांबूभाऊची बायको, तिला मी वहिनी म्हणते, पातेल्यावर चमचा दोनदा आपटायची आणि तो बाहेरच्या खोलीतून मुकाट्यानं उठून रेडिओ बंद करायचा. एवढा ताडमाड माणूस, पण तिच्या चमच्याला भ्यायचा. आम्ही त्याला त्यावरून फार छळलं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी आत मोठा पाइप फुटला. माझा नवरा पाणी प्यायला म्हणून नुकताच हॉलमध्ये आला होता, लांबूभाऊ आत होता. मी मान वर करून पाहिलं तेव्हा दारातून पांढरी वाफ येत होती आणि नवरा चाकाला लटकून ते फिरवत होता. दार बसलं. मग पलीकडून असा दणका बसला की टेबलावरच्या घड्या जमिनीवर आल्या. हॉलमधल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

संध्याकाळी फाटकापाशी वहिनी आली. ती रडत नव्हती. तिनं गर्दीतून वाट काढली, माझ्या नवऱ्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, "भाऊजी, शेवटी काय म्हणाले ते?"

नवरा म्हणाला, "बंद कर म्हणाला, वहिनी. दोन ठोके दिले त्यानं."

सगळ्यांनी ते ऐकलं. त्या एका वाक्यानं लांबूभाऊ नायक झाला.

त्यावर नाटक लिहिलं आमच्या शाळेतल्या मास्तरांनी. दरवर्षी कारखान्याच्या संमेलनाला तेच नाटक बसवतात. माणूस भला, पण बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होतो. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी मला नायक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. "नुसता अपघातात गेला तर ती बातमी. नायक व्हायला निवड लागते. याच्यापुढं दार उघडं होतं आणि यानं ते बंद करायला सांगितलं. एवढ्यावर अख्खं नाटक उभं राहतं."

"आणि हे?" मी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"हे मित्र. हे दाराबाहेर रडतात. नायकाला कुणीतरी बघणारं लागतं ना."

नवरा कपातल्या सायीकडे बघत होता. मला मास्तरांचा राग आला. ज्यानं चाक फिरवलं त्याच्या वाट्याला नुसतं रडणं यावं हे मला पटेना. पण लांबूभाऊचं मोठेपण कमी करायला जीभ कशी उचलणार? माझा जीव त्याच्यामुळं वाचला होता. मी गप्प बसले, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही हे वसाहतीतलं कुणीही सांगेल.

नाटक हॉलमध्येच झालं, खऱ्या दारासमोर. अपघातानंतर नवा बॉयलर दुसरीकडे शेडमध्ये बसवला होता, जुनी खोली तशीच पडून होती. लांबूभाऊचं काम करणारा आत गेला, माझ्या नवऱ्यानं स्वतःचं काम स्वतःच करत दार लावलं, आतून दोन ठोके आले, आणि हॉलभर हुंदके फुटले. वहिनी पहिल्या रांगेत ताठ बसली होती. डोळ्यांत टिपूस नाही. बायका म्हणाल्या, शोभते हो नायकाची बायको.

त्याच आठवड्यात आमच्या न्हाणीघरात पहिला ठोका आला.

जुन्या बॉयलरमधून वसाहतीला गरम पाणी यायचं, त्याचा एक नळ प्रत्येक न्हाणीघरातून जातो. अपघातापासून तो कोरडा आहे, मी त्यावर पायपुसणी वाळत घालते. दिवेलागणीला मी भांडी विसळत होते आणि त्या नळात दोन जड ठोके पडले. आधी एक, मग दुसरा. मी पायपुसणी उचलून नळाला हात लावला. तो थंडगार होता आणि आतून थरथरत होता.

मला वाटलं शेजारचं कार्टं. पण शेजारीण माझ्याच दारात उभी, पांढरीफटक. तिच्या न्हाणीघरातही तेच. मग पुढच्या घरात, त्याच्या पुढच्या घरात. रोज दिवेलागणीला. पहिले काही दिवस लोकांनी पोरांना न्हाणीघरात जाऊ दिलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, अरे, तो आपलाच आहे, घाबरायचं काय? आणि भीतीचा अभिमान व्हायला वेळ लागला नाही. पाहुणे आले की लोक त्यांना मुद्दाम दिवेलागणीपर्यंत थांबवून घेऊ लागले. बाहेरगावचे लोक आमच्या न्हाणीघरात चपला काढून उभे राहायचे. मला हसावं की ओरडावं कळत नसे, कारण ठोका आला की माझ्याही अंगावर सर्रकन काटा यायचा.

नवरा मात्र झिजत चालला. त्यानं घरातल्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. ताटातलं निम्मं तसंच ठेवायचा. ठोक्याच्या वेळी नळाला कान लावून उभा राहायचा, ठोके संपले तरी हलायचा नाही. मी म्हणायचे, "अहो, जिवलग होता, मान्य. पण आता तो थोर झालाय, तुम्ही कशाला वाळून चाललाय?" तो माझ्याकडे न बघताच निघून जायचा. मी घालून पाडून बोलले, रुसले, एकदा ताट आपटलंही. उपयोग शून्य.

दुसऱ्या वर्षी मास्तरांनी नाटकात सुधारणा केली. दोन ठोक्यांच्या मधे त्यांनी मोठा विराम घातला. पहिला ठोका, मग लांबलचक शांतता, त्यात मित्र 'नको' म्हणून ओरडतो, मग दुसरा. काळजाचं पाणी होतं, मास्तर म्हणाले.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी मी नळापाशी उभी होते. पहिला ठोका आला. मग काहीच नाही. मी श्वास धरून थांबले. नाटकात थांबायचे तेवढाच वेळ थांबून दुसरा ठोका आला.

माझे हात ओले होते, ते पुसायचं भान राहिलं नाही. मी बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "तो नाटकातलं ठोकतोय."

नवरा खाली बसला. "तो पहिल्यापासून नाटकातलंच ठोकतोय," तो म्हणाला. "त्यानं कधी दोन ठोके दिलेच नव्हते."

"म्हणजे?"

"भराभर ठोकलं त्यानं. वाफेच्या गोंगाटात तुम्हाला कुणाला ऐकू आलं नाही, पण चाक माझ्या हातात होतं, हातापर्यंत सगळं येत होतं. उघड म्हणत होता. थांबेपर्यंत उघडच म्हणत होता."

मी त्याच्यासमोर बसले. "मग वहिनींना असं का सांगितलंत?"

"तिचं तोंड बघवेना. उघड म्हणत होता आणि मी उघडलं नाही, हे कसं सांगू? काहीतरी द्यायला हवं होतं तिला, ते दिलं." मग तो हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, भूत होऊन येईल तर खरा येईल. माझा गळा धरेल, शिव्या देईल. मी म्हणेन, दे. पण हा येतो तो दुसराच कुणीतरी. हा मला रोज माफ करून जातो. माझा लांबूभाऊ कुठं गेला ते मला कळत नाही."

खोटं बोलणारं भूत मी कधी ऐकलं नव्हतं. आम्हीच सगळ्यांनी मिळून त्याला एकेक संवाद शिकवला होता, टाळ्या वाजवून पक्का करून घेतला होता, आणि ज्या माणसानं जिवाच्या आकांतानं दार ठोठावलं होतं त्याला मेल्यावरही बोलायला जागा ठेवली नव्हती. मला त्या नळाची आता पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली.

"वहिनींना खरं सांगून टाका," मी म्हटलं.

"ती त्या दोन ठोक्यांवर जगतेय," नवरा म्हणाला. "ते काढून घेऊ?"

मी उठून पायपुसणी परत नळावर टाकली.

यंदा संमेलन जवळ आलं तेव्हा मास्तर मला रस्त्यात भेटले, भलतेच खुशीत. माझ्या नवऱ्यानं त्यांच्याकडे स्वतःहून काम मागितलं होतं. मित्राचं नाही, नायकाचं. "प्रत्यक्ष मित्रच आत जाणार," मास्तर म्हणाले. "काय परिणाम होईल बघा."

घरी येऊन मी त्याला धरलं. "आत कशाला जायचंय तुम्हाला?"

"एकदा आतून ऐकायचंय."

"बाहेर याल ना?"

तो म्हणाला, "चाक बाहेर आहे. मी काय सांगणार?"

मी हातापाया पडले. सुपरवायझरला सांगेन म्हटलं, तर तो म्हणाला सांग. सांगून काय होणार होतं? माझा नवरा नाटकात काम करायला निघालाय हो, वाचवा, असं सांगू? बॉयलर थंड, खोली रिकामी, दार बंद राहणार टाळ्या संपेपर्यंत. भिण्यासारखं त्यात कुणालाच काही दिसलं नसतं. मला दिसत होतं की हा माणूस आत जाईल तो परत येण्यासाठी जाणार नाही. बाहेर आला तरी जो येईल तो रिकामा असेल.

नाटकाच्या दिवशी मी वहिनीच्या शेजारी बसले. बाहेर अजून ऊन होतं आणि हॉलच्या उंच खिडक्यांतून ते टेबलांवर पडलं होतं. मित्राचं काम ऑफिसातल्या कारकुनाकडे दिलं होतं. त्याच्या हाताला घाम सुटलेला, लहान पोरं चड्डीला पुसतात तसा तो पँटला पुसत होता. नवरा लांबूभाऊचा जुना निळा डगला घालून आला. डगला त्याला गुडघ्यापर्यंत येत होता. कुणी हसलं नाही. त्यानं नाटकातलं शेवटचं वाक्य म्हटलं, पाना उचलला आणि आत गेला. कारकुनानं चाक फिरवलं.

आम्ही पहिल्या ठोक्याची वाट बघत राहिलो.

तो आला नाही. मास्तर विंगेतून मान पुढं काढून बघू लागले. कारकुनानं दोनदा 'नको' म्हणून टाकलं, एकदा तर कारण नसतानाच. मागं कुणीतरी खोकलं. मी उठणार तेवढ्यात आतून आवाज सुरू झाला.

भराभर. न थांबता, एकावर एक, ताल सोडून. पाना पाइपावर, पाना भिंतीवर, पाना दारावर. त्यात विराम नव्हता. नाटकीपणा नव्हता. हॉलमधल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता, लहान पोरांनाही, आणि एकही माणूस जागचा हलेना. कारकून चाक धरून उभा होता. त्याला नाटकात एवढंच सांगितलं होतं, की काही झालं तरी चाक सोडायचं नाही.

"उघड," मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

माझ्याआधी वहिनी उठली. ती धावली नाही. ती भराभरा चालत गेली, कारकुनाला खांद्यानं बाजूला केलं आणि चाकाला दोन्ही हात घातले. मी पोचले, मीही धरलं. त्या चाकातून ठोके माझ्या कोपरापर्यंत येत होते, आणि लोखंड इतकं तापलं होतं की तळवे भाजत होते. तीन वर्षं त्या खोलीत जाळ पेटला नव्हता. चाक फिरलं. दार सुटलं त्या क्षणी आवाज थांबला.

आत अंधुक उजेड होता. माझा नवरा लांब, पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसला होता. दोन्ही हात डोक्यावर. पाना दाराशी पडला होता.

"मी नाही," तो म्हणाला. "माझी हिंमत झाली नाही. मी हातसुद्धा लावला नाही."

मी त्याला धरून बाहेर आणलं. तो माझ्या अंगावर पुरता रेलला होता, पण होता तोच होता, घामाजलेला, थरथरणारा, माझा. मला रडू कोसळलं. मास्तर हातात कागद घेऊन उभे, आणि त्यांच्याकडे एकही शब्द शिल्लक नव्हता.

वहिनी उघड्या दाराकडे तोंड करून उभी होती. "हे ठोकणं ह्यांचं," ती म्हणाली. "हे मी ओळखते. न्हाणीघराची कडी अडकली की असंच ठोकायचे, जग बुडाल्यासारखे." मग ती वळली. "भाऊजी, त्या दिवशी हेच ठोकलं ना त्यांनी?"

नवऱ्यानं मान हलवली.

मला वाटलं आता ती कोसळेल. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी ओळखलंच नाही, कारण तीन वर्षांत ते तिथं दिसलं नव्हतं. तिला बरं वाटलं होतं.

"घरी यायचं होतं त्यांना," ती म्हणाली. "तीन वर्षं लोक मला सांगतायत, त्यांनी निवड केली म्हणून. मी आणि पोरगी घरात, समोर दार उघडं, आणि ह्या माणसानं सांगितलं बंद कर. त्या फोटोकडे बघून मी रोज मनात म्हणायची, आमची एवढीही आठवण आली नाही का रे तुला?" तिचा आवाज फुटला. "त्यांना घरी यायचं होतं."

ती तिथंच, रंगमंचाच्या कडेला, बसली आणि रडली. नायकाची बायको म्हणून शोभावं असं ते रडणं नव्हतं. नाक पदराला पुसत, हुंदके देत, नवरा मेलेली बाई रडते तशी ती रडली. तीन वर्षं उशिरा.

बराच वेळ गेला. मग तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग उघडलं का नाही, भाऊजी?"

मला वाटलं तो म्हणेल, हॉल माणसांनी भरला होता. तसं म्हणाला असता तर सगळ्यांनी मान डोलावली असती, मास्तरांनी ते लिहूनही घेतलं असतं. इतकी माणसं वाचली होती, त्यातली बहुतेक समोर बसली होती.

"हॉलचा विचार मला सुचला नाही, वहिनी," तो म्हणाला. "ही पहिल्या टेबलावर होती."

सगळ्या हॉलनं माझ्याकडे पाहिलं. मी तीन वर्षं लांबूभाऊच्या फोटोसमोर थांबून मनातल्या मनात त्याचे उपकार मानत आले होते. ज्यानं जिवलगाचा जीव देऊन माझा जीव विकत घेतला होता तो माझ्यासमोर निम्मं ताट टाकून उठायचा, आणि मी त्याला टोचून बोलायचे.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. माझे केस, माझे हात, माझ्या पायांतल्या चपला. जणू माझं मोल किती ते तिला बघायचं होतं.

"मी त्या टेबलावर असते," ती शेवटी म्हणाली, "तर ह्यांनीही लावलं असतं दार. तुमच्यावर, भाऊजी."

"हो," नवरा म्हणाला.

"पण मी नव्हते."

मी तिच्याजवळ गेले. तिनं मला जवळ घेतलं नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिले.